समुद्रापलीकडचें बिऱ्हाड

जुन्या मराठी बोलण्यांत 'कुटुंब' ह्या शब्दाचे दोन अर्थ रूढ होते. घरांतील लहानथोर माणसें मिळून जें होतें तें कुटुंब. आणि गृहस्थ चारचौघांत आपल्या पत्नीचा उल्लेख करी, तेव्हां तिचें नांव न घेतां तो 'आमचें कुटुंब' असेंच म्हणे. पत्नी आणि घर हीं दोन वेगळीं काढतां येतात, ही कल्पना त्या भाषेला मानवणारी नव्हती. परंतु गेल्या पावणेदोनशें वर्षांत पोटासाठीं समुद्र ओलांडणाऱ्या माणसाला निरनिराळ्या सरकारांनीं नेमका हाच प्रश्न विचारला आहे, कीं तूं आलास तें ठीक. पण तुझें कुटुंब कशासाठीं? परदेशीं राहिलेल्या माणसाला आपलीं बायकोमुलें तेथें नेण्याचा हक्क कसा मिळाला, तो मिळवितांना कोणीं काय सोसलें आणि मिळालेला हक्क किती टिकला, ह्याची थोडी हकीगत आज मी आपल्यापुढें मांडणार आहें.

हकीगतीचा आरंभ आजऱ्यापासून करितों. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडे, सह्याद्रीच्या कुशींत, हिरण्यकेशीच्या कांठीं हें गांव वसलेलें आहे. संकेश्वराहून गडहिंग्लजवरून येणारा आणि आंबोलीच्या घाटानें सावंतवाडीकडे उतरणारा रस्ता ह्याच गांवावरून जातो. पूर्वीं हा मुलूख इचलकरंजीकर घोरपड्यांच्या जहागिरींत मोडत असे. ग्रामदैवत रवळनाथ, गांवाजवळचें रामतीर्थ आणि सुवासिक घनसाळ तांदूळ ह्यांमुळें आजऱ्याचें नांव दूरवर पोंचलें आहे. पण ह्या डोंगराळ मुलखांत पाऊस जितका उदार, तितकी जमीन उदार नाहीं. शेत थोडें आणि खाणारीं तोंडें पुष्कळ, अशी स्थिति आली म्हणजे घरांतील कर्त्या मुलानें मुंबईची वाट धरावी, हा ह्या भागाचा शिरस्ता होऊन गेला.

मुंबईस गेलेल्या ह्या माणसाचें जिणें आपणांपैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांनीं अनुभवलेलें आहे. गांवच्या मंडळींनीं मिळून घेतलेली एक खोली, गिरणीच्या पाळीप्रमाणें तींत आळीपाळीनें निजणारे पुरुष, खाणावळीचें जेवण आणि महिन्याकाठीं घरीं जाणारी मनिऑर्डर. टपालखात्यानें ही मनिऑर्डरीची सोय १८८० सालीं सुरू केली, आणि तेव्हांपासून घाटावरच्या व कोंकणांतल्या कित्येक घरांचा संसार पोस्टमनच्या पावलांकडे कान लावून चालूं लागला. तरीसुद्धां एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आजऱ्याच्या माणसाला आपलें कुटुंब मुंबईस नेऊन बिऱ्हाड करावयाचें झालें, तर त्याला कोणाही अंमलदाराच्या परवानगीची गरज नव्हती. आड येई तें खोलीचें भाडें, गांवाकडची शेती आणि म्हातारे आईबाप. न्यावें कीं न न्यावें, हा निर्णय दुःखाचा असला तरी घरांतल्या घरांत होत असे. समुद्र ओलांडतांच ह्या निर्णयांत तिसरा माणूस येऊन बसला. तो म्हणजे बंदरावरचा सरकारी अंमलदार.

आरंभीं ह्या अंमलदाराला मजुराच्या संसाराशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. १८३४ पासून मॉरिशस बेटांतील उसाच्या मळ्यांसाठीं हिंदी मजुरांची करारानें भरती होऊं लागली. मजुरांचे हाल उघडकीस आल्यावर ती मध्यंतरीं बंद करण्यांत आली, आणि १८४२ च्या कायद्यानें कलकत्ता, मद्रास व मुंबई ह्या तीन बंदरांतून पुन्हां सुरू झाली. मुंबई बंदरांतून जे गेले त्यांत कोंकणांतले व घाटावरचे मराठी लोक होते. त्यांच्या वंशजांनीं मराठी सण आणि मराठी भाषा त्या बेटावर अद्याप जतन केली आहे. मळेवाल्यांना हवे होते हात. बायकामुलें म्हणजे त्यांच्या हिशेबीं नुसता पोसण्याचा खर्च. म्हणून पहिल्या जहाजांतून पुरुषांची संख्या भरमसाट आणि स्त्रियांची अगदीं अल्प असे. ह्याचे दुष्परिणाम दिसूं लागल्यावर, विलायतेंतून व हिंदुस्थानांतून ओरड झाली, आणि पुढें करारी मजुरीच्या नियमांत शंभर पुरुषांमागें चाळीस स्त्रिया असें प्रमाण घालून देण्यांत आलें.

हें प्रमाण कागदावर दयाळूपणाचें दिसतें. पण त्याचा अर्थ नीट पाहावा. अमक्या माणसाची पत्नी त्याजकडे पोंचली कीं नाहीं, हा प्रश्न त्यांत नव्हताच. जहाजावर इतक्या संख्येनें स्त्रिया भरल्या म्हणजे कायद्याचें समाधान होत असे. मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरांतील ज्या घाटावर हे लोक उतरले, त्या आप्रवासी घाटाला २००६ सालीं जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें. सुमारें साडेचार लाख माणसें त्या बेटावर उतरलीं. त्यांतील किती जणांच्या बायका मागें गांवांत वाट पाहत राहिल्या, हें कोणत्याही यादींत लिहिलेलें नाहीं, कारण तें लिहावें असें कोणालाच वाटलें नाहीं.

करारानें गेलेल्या मजुरांच्या मागोमाग दुसरा एक वर्ग स्वतःच्या खर्चानें परदेशीं जाऊं लागला. त्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतील व जंजिरा संस्थानांतील कोंकणी मुसलमान पुष्कळ होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेंतील केप टाउन शहरांत त्यांची वस्ती झाली. कोणी भाजीपाल्याची फेरी करी, कोणी दुकानांत नोकरी, कोणी मजुरी. हे लोक घरांत मराठीच्या जवळची कोंकणी बोलत आणि त्यांचें सारें चित्त खेड, दापोली, म्हसळ्याकडच्या आपल्या गांवांत गुंतलेलें असे. आजऱ्याचा गिरणीकामगार आणि हा केपमधला फेरीवाला ह्यांच्या आयुष्याची घडण एकच होती. पैसा गांवीं पाठवावयाचा, तीन-चार वर्षांनीं घरीं जाऊन यावयाचें, आणि मुलगा हाताशीं आला कीं त्याला कामावर घेऊन जावयाचें. फरक एवढाच, कीं मुंबईच्या वाटेवर चौकी नव्हती आणि केपच्या वाटेवर ती होती. १९०२ व १९०६ च्या केप वसाहतीच्या कायद्यांनीं नव्या माणसाला युरोपीय भाषा लिहितां येण्याची अट घातली. तेथें आधीं राहत असलेल्या हिंदी माणसाला गांवीं जाऊन परत यावयाचें असल्यास एक पौंड देऊन परवाना काढावा लागे. त्यावर त्याचें छायाचित्र असे आणि अंगठ्याचा ठसा असे. परवान्याची मुदत टळली, मग ती आईच्या दुखण्यानें टळो कीं जहाज चुकल्यानें टळो, परत येण्याचा हक्क गेला.

कायद्यानें तेथील रहिवाशाच्या बायकोला आणि अल्पवयी मुलांना भाषेच्या अटींतून सूट दिली होती. म्हणजे दार उघडें होतें. पण त्या दारांत उभी राहणारी स्त्री त्या माणसाची बायको आहे हें ठरवावयाचें कोणीं, हा प्रश्न शिल्लक होता. तो १९१३ सालीं सर्वांपुढें येऊन ठाकला.

त्या प्रसंगाकडे वळण्यापूर्वीं आपल्याच भागांतील एका थोर पुरुषाचें स्मरण करणें अवश्य आहे. कोल्हापुराहून आजऱ्यास निघालें कीं वाटेंत कागल लागतें. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांचें बाळपण ह्या कागलांत गेलें आणि पुढचें शिक्षण कोल्हापुरास झालें. १८७९ सालीं वडील वारले, तेव्हां थोरले बंधु गोविंदराव ह्यांनीं शिक्षण सोडून कागल येथें पंधरा रुपयांची नोकरी धरली, आणि त्यांतले आठ रुपये ते दरमहा कोल्हापुरास धाकट्या भावाकडे पाठवीत असत. एकानें दूर राहावें आणि दुसऱ्यानें आपल्या तोंडचा घांस काढून पाठवावा, हा संसार गोखल्यांनीं लहानपणींच पाहिला होता. १९१० च्या फेब्रुवारींत वरिष्ठ कायदेकौन्सिलांत त्यांनीं नाताळकडे होणारी करारी मजुरांची भरती बंद करण्याचा ठराव आणला व तो मान्य झाला. १९१२ च्या मार्चांत ही पद्धतच समूळ बंद करावी असा ठराव आणला, तो मात्र सरकारी मतांनीं हाणून पाडण्यांत आला. त्याच वर्षीं ऑक्टोबरच्या २२ तारखेस गोखले केप टाउनच्या धक्क्यावर उतरले.

ह्या दौऱ्यांतील एक प्रसंग मराठी माणसानें विसरूं नये असा आहे. जोहान्सबर्ग येथें कोंकणी मुसलमान आणि थोडे महाराष्ट्रीय हिंदु राहत होते. गोखल्यांचें भाषण मराठींत ऐकावें अशी त्यांना फार उत्कंठा होती, आणि तशी विनंति करण्याची कामगिरी त्यांनीं गांधीजींवर सोंपविली. गांधीजींनीं ती केलीच, वर हिंदुस्थानींत भाषांतर आपण करूं असेंही सांगितलें. हा गुजराती माणूस आपल्या मराठीचें भाषांतर करणार, ह्याचें गोखल्यांना प्रथम हंसूं आलें. पण तो प्रयोग इतका साधला, कीं पुढें झांझिबारला पोंचेपर्यंत अशा सभांतून ते मराठींतच बोलत गेले. हजारों मैलांवर, घर मागें टाकून आलेल्या त्या माणसांना आपल्या भाषेंतील चार शब्द ऐकून काय वाटलें असेल, हें निराळें सांगावयास नको.

गोखले परत आल्यावर चार महिनेही लोटले नाहींत तोंच तो निकाल लागला. हसन इसप नांवाचे गृहस्थ केप प्रांतांत राहत होते. त्यांनीं हिंदुस्थानांतून आणविलेल्या पत्नी बाई मरियम ह्यांना बंदरावरून परत फिरविण्यांत आलें. प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि १४ मार्च १९१३ रोजीं न्यायमूर्ति सर्ल ह्यांनीं निकाल दिला, कीं ज्या धर्मांत एकाहून अधिक पत्नी करण्यास मुभा आहे, त्या धर्माच्या विधीनें झालेला विवाह ह्या देशाच्या कायद्याला विवाह म्हणून मान्य नाहीं. सबब बाई मरियम ह्यांना पत्नी ह्या नात्यानें प्रवेशाचा हक्क नाहीं. हसन इसप ह्यांना दुसरी पत्नी नव्हती. परंतु प्रश्न त्यांच्या वर्तनाचा राहिलाच नव्हता. धर्मांत मुभा आहे एवढ्यावरूनच मुसलमान, हिंदु आणि पारशी ह्या सर्वांचीं लग्नें एका लेखणीच्या फटकाऱ्यानें बाद ठरत होतीं. सप्तपदी चाललेली स्त्री, निकाह लागलेली स्त्री, दोघीही त्या कायद्याच्या दृष्टीनें अविवाहित. आणि त्यांचीं मुलें वारसाहक्काला पारखीं.

तोंवर परवान्यांचा व करांचा लढा मुख्यतः पुरुषांनीं लढविला होता. ह्या निकालानें तो घरांत शिरला. १९१३ च्या सप्टेंबरांत फिनिक्स आश्रमांतून सोळा जणांची एक तुकडी नाताळची सरहद्द ओलांडून ट्रान्सवालमध्यें शिरली, आणि तींत कस्तुरबा गांधींसह चार स्त्रिया होत्या. परवान्यावांचून सरहद्द ओलांडल्याबद्दल त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. आपण लग्नाच्या बायका आहोंत हें सिद्ध करण्यासाठीं ह्या बायांनीं तुरुंगांत जाऊन कपडे धुतले. वल्लीअम्मा नांवाची सोळा वर्षांची तामिळ मुलगी तुरुंगांतून ताप घेऊन बाहेर आली आणि १९१४ च्या फेब्रुवारींत मरण पावली. नोव्हेंबरांत खाणींतील व मळ्यांतील हजारों मजूर संपावर जाऊन ट्रान्सवालकडे चालत निघाले. त्यांची मुख्य मागणी तीन पौंडांचा डोईकर रद्द करण्याची होती. आणि तो करही एका परीनें संसारावरचाच कर होता, कारण करार संपवून तेथें राहूं पाहणाऱ्या पुरुषाबरोबर त्याची पत्नी, सोळा वर्षांवरील मुलगा आणि तेरा वर्षांवरील मुलगी ह्यांच्या प्रत्येकाच्या नांवें तो बसे. इकडे गोखले प्रकृति ढासळलेली असतांही गांवोगांवहून निधि जमवून पाठवीत होते. १९१५ च्या फेब्रुवारींत त्यांचें देहावसान झालें. पण तत्पूर्वीं ह्या लढ्याचें फळ त्यांना पाहावयास मिळालें.

तें फळ म्हणजे १९१४ चा हिंदी लोकांस दिलासा देणारा कायदा. त्यानें तीन पौंडांचा कर उठला, आणि हिंदी धर्मविधीनें झालेल्या विवाहांतील एक पत्नी व तिचीं अल्पवयी मुलें ह्यांना कायद्यानें मान्यता मिळाली. 'एक पत्नी' ही मर्यादा त्या वेळीं कांहींना जाचक वाटली. आज आपणांस ती तशी वाटणार नाहीं. १९४६ सालीं मुंबई प्रांतानें आणि १९५५ सालीं हिंदु विवाह कायद्यानें हिंदूंपुरती तीच मर्यादा आपण होऊन स्वीकारली. मुद्दा निराळाच होता. लग्न खरें कीं खोटें हें ठरविण्याची सत्ता नवरा-बायको, त्यांचे आप्त आणि त्यांचा समाज ह्यांच्या हातून निघून परक्या अंमलदाराच्या हातीं गेली होती, आणि सत्याग्रहानें ती सत्ता परत आणली नाहीं. तिला फक्त न्यायाच्या मर्यादा घातल्या. ह्या मर्यादाही थोड्या नव्हत्या.

दक्षिण आफ्रिकेंत जें झालें त्याचे पडसाद साम्राज्यांत इतरत्र उमटले. कानडांत शीख लोकांच्या बायकामुलांचा प्रश्न असाच चिघळला होता. १९१८ सालीं लंडन येथें साम्राज्य युद्ध परिषदेपुढें हा विषय आला, आणि हिंदुस्थानच्या वतीनें सर सत्येंद्रप्रसन्न सिंह ह्यांनीं बाजू मांडली. परिषदेनें ठरविलें, कीं साम्राज्यांतील इतर देशांत कायमचे रहिवासी झालेल्या हिंदी लोकांना आपली एक पत्नी व तिचीं अल्पवयी मुलें आणूं द्यावीं. मात्र तीं त्याचीच कायदेशीर पत्नी आणि मुलें आहेत असा दाखला प्रत्येकाविषयीं हिंदुस्थान सरकारनें दिला पाहिजे.

श्रोतेहो, ह्या दाखल्याच्या अटींत पुढच्या शंभर वर्षांचा इतिहास बीजरूपानें आहे. त्या काळचें आपलें खेडें डोळ्यांपुढें आणा. लग्न लागे तें अग्नीच्या, ब्राह्मणाच्या आणि गांवाच्या साक्षीनें. मुसलमानांत काजीच्या व साक्षीदारांच्या समक्ष. काजीच्या वहींत नोंद मिळे तर मिळे; हिंदूंच्या घरीं देव्हाऱ्यामागें जपलेल्या लग्नपत्रिकेपलीकडे लेखी पुरावा नसे. मुलाचें वय विचारलें तर आई सांगणार, कीं ज्या वर्षीं पूर आला त्या वर्षींचा. इकडे आफ्रिकेच्या बंदरावर मुलगा सोळा वर्षांच्या आंत आहे कीं बाहेर, ह्यावर त्याचें सारें आयुष्य अवलंबून. ज्या समाजांत माणसाची ओळख माणसेंच पटवीत असत, त्याला आतां कागदानें ओळख पटविणें भाग पडलें.

येथें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहींतर हकीगत एकांगी होईल. कोणाला आपल्या देशांत येऊं द्यावें हें ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे, आणि अंमलदारांचा संशय प्रत्येक वेळीं निराधार होता असें नाहीं. दुसऱ्याचा मुलगा आपला म्हणून आणल्याचीं उदाहरणें दक्षिण आफ्रिकेंतील हिंदी लोकांत घडलीं. अमेरिकेंत १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगींत सॅन फ्रॅन्सिस्कोचीं सरकारी दप्तरें जळालीं, तेव्हां कित्येक चिनी लोकांनीं केवळ कागदोपत्रीं मुलगे निर्माण केले. परंतु दार अन्यायानें अरुंद केलें म्हणजे कांहीं लोक चोरवाट शोधतात, आणि त्या चोरवाटेची शिक्षा पुढें सरळ वाटेनें येणाऱ्यालाच भोगावी लागते, हाही ह्याच इतिहासाचा धडा आहे.

१९२७ सालीं केप टाउनचा करार झाला, आणि त्याच वर्षीं श्रीनिवास शास्त्री हिंदुस्थानचे पहिले एजंट म्हणून तेथें गेले. करारामागोमाग झालेल्या कायद्यानें असें ठरविलें, कीं मूल यावयाचें तर, त्याची आई मृत झाली नसल्यास, तीही बरोबर आली पाहिजे. आणि रहिवासी माणूस तीन वर्षांहून अधिक काळ देशाबाहेर राहिला तर त्याचा रहिवास संपला. बापानें मुलगा तेवढा घेऊन जावा आणि आईनें व मुलींनीं गांवीं राहावें, ही पूर्वींची रीत ह्यामुळें मोडूं लागली. वरवर पाहतां हा नियम कुटुंब एकत्र आणणारा होता. पण कोंकणांत जिचीं शेती आणि सासूसासरे होते, तिला दोन्हींपैकीं एक सोडणें प्राप्त झालें. आणि जिनें घर सोडलें नाहीं, तिच्या मुलाचाही हक्क बुडाला.

शेवटीं १९५३ सालीं वर्णद्वेषी राजवटीनें नवा कायदा करून परदेशांत विवाह झालेल्या हिंदी स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा प्रवेश ह्यापुढें बंद केला. चाळीस वर्षांपूर्वीं ज्यासाठीं स्त्रिया तुरुंगांत गेल्या, ज्यासाठीं वल्लीअम्मेनें प्राण दिला, तो हक्क एका कायद्यानें संपला. केप टाउनच्या तरुणानें आतां कोंकणांतली मुलगी केली, तर त्याला तिला घेऊन येतां येत नव्हतें. दोन किनाऱ्यांमधला सोयरिकीचा जुना धागा असा तुटला.

दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशगमनाची दिशा बदलली. विलायत, अमेरिका, कानडा, ऑस्ट्रेलिया आणि आखाती देश ह्यांकडे लोक जाऊं लागले, आणि सुशिक्षित मराठी घरांतील क्वचितच एखादें घर असें असेल, ज्याचें कोणी तिकडे नाहीं. अमेरिकेनें १९४६ सालीं हिंदी लोकांना वर्षाला अवघे शंभर इतका प्रवेश देऊं केला. १९६५ च्या कायद्यानें ही जुनी वांटणी मोडली, आणि अमेरिकन नागरिकाची पत्नी किंवा पति, अल्पवयी मुलें व आईबाप ह्यांना संख्येच्या मर्यादेबाहेर ठेविलें. नागरिक नसलेल्या, पण कायमच्या रहिवाशाच्या बायकोमुलांना मात्र रांगेंत उभें राहावें लागतें. धर्मावरून विवाह नाकारण्याचे दिवस मागें पडले. आतां प्रश्न निराळे विचारले जातात: हा विवाह मनापासूनचा आहे कीं प्रवेशापुरता? आणि पोसण्याची ऐपत आहे काय?

पहिल्या प्रश्नानें सभ्यतेची मर्यादा कशी ओलांडली, ह्याचें एक उदाहरण पुरे आहे. १९७९ च्या जानेवारींत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर, तेथील आपल्या वाग्दत्त वराशीं लग्न करण्यास आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्यतपासणी करण्यांत आली. बातमी फुटतांच मोठा क्षोभ झाला आणि ती चाल बंद पडली. त्याउलट शास्त्रानें सत्याला साहाय्य केल्याचेंही उदाहरण आहे. १९८५ सालीं मूळच्या घाना देशांतील एका कुटुंबाचा मुलगा विलायतेस परत आला असतां, तो त्या आईचा मुलगाच नव्हे असा संशय अंमलदारांनीं घेतला. तेव्हां लेस्टर विद्यापीठाचे अॅलेक जेफ्रीज ह्यांनीं रक्तांतील डीएनएची नवी परीक्षा लावून तो तिचाच मुलगा असल्याचें सिद्ध केलें. एक आई जें आरंभापासून सांगत होती, तेंच अखेर प्रयोगशाळेनें सांगितलें, आणि तेव्हां तें खरें ठरलें.

दुसरा प्रश्न ऐपतीचा. आपल्या कुटुंबाला बोलावणारा माणूस हा आतां त्यांचा हमीदार असतो. अमेरिकेंत १९९६ च्या कायद्यापासून त्याला प्रतिज्ञापत्र करून द्यावें लागतें, कीं आपलें उत्पन्न सरकारनें ठरविलेल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट आहे आणि येणारें माणूस सरकारवर भार होणार नाहीं. विलायतेनें २०१२ सालीं पत्नी किंवा पति आणणाऱ्यासाठीं वर्षाला १८,६०० पौंड उत्पन्नाची अट घातली, आणि २०२४ सालीं ती २९,००० पौंडांवर नेली. आखाती देशांत ठराविक पगाराखालच्या कामगाराला कुटुंब आणण्याची सवलतच मिळत नाहीं. म्हणजे ज्याचा पगार मोठा त्याचा संसार एकत्र, आणि जो इमारतीच्या पहाडावर उभा राहून विटा रचतो, त्याचा संसार मनिऑर्डरीच्या जागीं आलेल्या दूरध्वनीवर. हात हवे, घर नको, हा मळेवाल्यांचा जुना हिशेब अजून पुरता मिटलेला नाहीं.

आतां पुन्हां आजऱ्याकडे येऊं. १९५३ सालीं मुंबई राज्यानें विवाहनोंदणीचा कायदा केला, महाराष्ट्रानें १९९८ सालीं त्याच्या जागीं नवा कायदा आणला, आणि २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सर्व विवाहांची नोंद सक्तीची करण्यास राज्यांना सांगितलें. त्यामुळें आज खेड्यांत ग्रामपंचायतीकडेसुद्धां विवाहाची नोंद होते, आणि बाई मरियमच्या हातीं जो कागद नव्हता तो आजऱ्याच्या मुलीला आपल्या गांवींच मिळूं शकतो. तरी आमच्याच एका गोड चालीनें येथें खोडा घातला आहे. लग्नांत ताटांत तांदूळ पसरून नवरदेव त्यांत अंगठीनें वधूचें नवें नांव लिहितो. घनसाळाच्या मुलखांत तर तो तांदूळ घरच्या शेतांतला असावयाचा. पण शाळेच्या दाखल्यावर एक नांव, विवाहाच्या दाखल्यावर दुसरें, आणि पारपत्रावर तिसरें, असें झालें म्हणजे परदेशांतील अंमलदाराला तीन निरनिराळ्या स्त्रिया दिसूं लागतात. आणि ती एकच आहे हें पटवितां पटवितां महिने जातात. चाल सोडावी असें मी म्हणत नाहीं. पण तांदळांत लिहिलेलें नांव दप्तरांतही एकाच रीतीनें लिहिलें जाईल, विवाहाची नोंद लग्नाबरोबरच होईल आणि मुलांच्या जन्माची नोंद वेळच्या वेळीं होईल, एवढी काळजी घरच्या वडील माणसांनीं घ्यावी.

कागद नीट असले म्हणजे सारें झालें असें मात्र समजूं नये. कागद हें साधन आहे, हक्क निराळा. बायकोमुलांना जवळ आणणें ही सरकारची मेहरबानी नसून माणसाचा हक्क आहे, हें १९१३ सालीं ज्यांनीं जगापुढें मांडलें त्यांतील कित्येकींना लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यांच्यामागें कागलांत वाढलेला एक मराठी मुत्सद्दी आपली उरलीसुरली शक्ति पणाला लावून उभा होता. त्यांनीं मिळविलेला हक्क पुढें एका सरकारनें काढून घेतला, हें आपण पाहिलें. तेव्हां आज जो हक्क हातीं आहे, तोही आपोआप टिकेल असें मानून चालणार नाहीं. परदेशीं अर्ज करून वाट पाहत बसलेल्या मुलाच्या आणि इकडे वर्षानुवर्षें सासरीं दिवस काढणाऱ्या सुनेच्या घरांत हा विषय इतिहासाचा नाहीं, रोजचा आहे. त्यांना ही हकीगत ऐकून थोडा धीर आला, तर मला समाधान वाटेल.